स्वतःच्या शब्दांत

"वाचत होते की सांगत होते?"

अध्यक्षांनी उंच खुर्चीवरून वाकून, माइकवर तळवा दाबून, एवढंच विचारलं, आणि खालच्या टेबलाशी बसलेल्या उपसचिवाच्या तोंडचं पाणी पळालं. प्रश्न काही नवा नव्हता. अख्ख्या नोकरीत तो कितीदा तरी त्याच्या कानाशी आला होता, आणि दर वेळी त्याने मान जराशी मागे वळवून, ओठ हलले न हलले असं करत, पटकन उत्तर दिलं होतं. नियम साधा, शाळकरी पोरालाही कळावा असा. मंत्र्याने सभागृहात एखाद्या कागदातलं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं आणि कुणा सदस्याने मागणी केली, की तो अख्खा कागद पटलावर ठेवायचा. एकदा ठेवला की तो जगाचा झाला, कुणीही उचलावा, कुणीही वाचावा. पण मंत्री नुसता सारांश सांगत असला, स्वतःच्या शब्दांत, तर काही ठेवायचं कारण नाही. सगळी मेख तिथे होती. म्हणून मुरलेले मंत्री कागद बाकाच्या कडेखाली धरत आणि मधेच उगाच खाकरत, म्हणजे आपण आठवून बोलतोय असं वाटावं. आजचे मंत्री नवे होते, खाकरायला विसरले. "धूर पसरला त्या वेळी बहुतांश विद्यार्थिनी निद्रिस्त असल्याने त्यांना घटनेची जाणीव झाली नसावी," असं ते एका दमात म्हणाले आणि थांबले. विरोधी बाकावरच्या एक बाई ताडकन उठल्या. "अहवाल वाचताय ना? मग ठेवा पटलावर!" एकच गलका झाला. मंत्री म्हणाले, छे छे, मी सारांश सांगत होतो. आणि त्या गलक्यात हा मात्र खाली बसून पुढच्या वाक्याची वाट बघत होता. मंत्री नेमके जिथे थांबले तिथून पुढे अहवालात काय आहे, ते त्या दालनात मंत्र्यांखेरीज त्याला एकट्याला पाठ होतं.

"सांगत होते, साहेब," तो म्हणाला. "सारांश होता."

अध्यक्षांनी मान हलवली, माइकवरचा हात काढला आणि निर्णय दिला: मंत्रिमहोदयांनी सारांश सांगितला आहे, सबब अहवाल पटलावर ठेवण्याचा प्रश्न उद्भवत नाही. विरोधकांनी बाकं बडवली, काही जण उठून गेले, आणि मग वजनमापांसंबंधीचं कसलंसं विधेयक पुकारलं गेलं. त्याने समोरच्या कागदावर बोट ठेवलं. विधेयकाचा क्रमांक अध्यक्षांना रोजच्याच आवाजात सांगितला. माणूस एवढा कोडगा कधी झाला? सकाळी अध्यक्षांनी त्याला दालनात बोलावून घेतलं होतं, आज तुम्ही टेबलावर नका बसू, वसतिगृहाचा विषय येणार आहे, म्हणाले होते. तो म्हणाला होता, सवय झालीय साहेब. अध्यक्ष भले गृहस्थ, त्यांनी पुढे ताणलं नाही. त्या वसतिगृहाला आग लागली त्यात उपसचिवाची मुलगी गेली हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्यामुळेच कुणी त्याच्यासमोर त्याबद्दल अवाक्षर काढत नसे. दुःख झालेल्या माणसाला लोक वाट करून देतात. तो कॅन्टीनमध्ये शिरला की आवाज खाली येत, आणि तो चहा घेऊन बाहेर पडला की पुन्हा वर जात. आगीच्या चौकशी अहवालाचं पाकीट त्याच्याकडे आलं तेही अशाच संकोचापोटी. हे दुसऱ्या कुणाकडे द्या असं म्हणायला हवं होतं, पण तसं म्हणायचं तर आगीचा उल्लेख करावा लागला असता, आणि तो कुणी करायचा? म्हणून पाकीट मुकाट्याने त्याच्या टेबलावर आलं. त्याच्या शाखेत अहवाल येतो तो वाचायला नव्हे. पानं सलग आहेत का, मंत्र्यांची सही आहे का, उशीर झाला असला तर उशिराचं निवेदन जोडलंय का, एवढं बघायचं आणि पाकीट बंद करायचं. पटलावर येण्याआधी आतलं अक्षर बाहेर फुटलं तर तो सभागृहाचा हक्कभंग. हे तो नव्या पोरांना दरडावून शिकवत आला होता. त्या दिवशी त्याने दार लावून घेतलं आणि वाचलं. दुसऱ्या दिवशी खात्याचा माणूस आला, दुरुस्ती राहिलीय म्हणाला आणि पाकीट घेऊन गेला, आणि तेव्हापासून दर अधिवेशनात अहवालाऐवजी उशिराचं निवेदनच तेवढं ठेवलं जात होतं.

वाचलं म्हणजे काय, त्याला ते चिकटलं. आंघोळ करताना, लिफ्टची वाट बघताना, भाजी चिरणाऱ्या बायकोच्या पाठीकडे बघताना, कुठेही ती वाक्यं सुरू होत. सरकारी वाक्यं, थंडगार, कुणाच्याही बाजूने नसलेली. मुली झोपेत होत्या, त्यांना कळलं नसावं, हे पहिलं वाक्य. आणि दुसरं 'तथापि'ने सुरू होणारं. मागच्या जिन्याच्या दाराला बाहेरून साखळी होती. मुली चोरून बाहेर जाऊ नयेत म्हणून व्यवस्थापनाने ती लावली होती. काही मुली त्या दाराशी सापडल्या, आणि त्या झोपेत नव्हत्या. त्यांतली एक त्याची खारू. आधीच्या एका पानावर, समोरच्या बाजूने निसटलेल्या एका मुलीचा जबाब होता: खारू आमच्याबरोबर व्हरांड्यापर्यंत आली होती, मग खोलीतल्या मैत्रिणीला उठवायला परत आत गेली. व्हरांड्यापर्यंत! हे एवढं त्याला सोसवत नव्हतं. आगीत सापडली असती तर नशीब म्हणता आलं असतं. पण ती बाहेर आली होती. थंड हवा तिच्या तोंडाला लागली असणार. एवढं असून पोरगी परत फिरली. कुणावर गेली होती ती अशी? त्याच्यावर तर खासच नाही.

अहवाल वाचला त्या संध्याकाळी बायकोने ताट वाढता वाढता विचारलं होतं, "आला म्हणे अहवाल तुझ्या ऑफिसात?" बातम्यांत आलं होतं ते. त्याने हक्कभंगाची सबब सांगून बघितली. ती नुसती उभी राहिली, हातात पळी. शेवटी तो म्हणाला, "एवढंच सांगतो. मुली झोपेत होत्या. त्यांना जाणीव झाली नसावी." ती "बरं," म्हणाली आणि पळी परत भांड्यात ठेवली. त्यानंतर तिने विषय काढला नाही. त्याला वाटलं, चला, निदान हिच्या छातीवरचा धोंडा तरी उतरला. खोटं काय बोललो मी? अहवालात आहेच की ते वाक्य. फक्त पुढचं सांगितलं नाही. आपण एकट्याने वाहायचं, तिला वाहू द्यायचं नाही, हे त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि या ठरवण्याचा त्याला मधूनमधून थोडा अभिमानही वाटे. आज मंत्री नेमके त्याच जागी थांबले तेव्हा तो अभिमान कुठल्या कुठे गेला. तो आणि मंत्री एकाच पायरीवर उभे होते.

सभागृह उठलं. मागच्या कॉरिडॉरमध्ये बसचालक त्याची वाट बघत उभा होता. खारूच्या खोलीत राहणाऱ्या मुलीचा हा बाप, जिला उठवायला खारू परत गेली तिचा. दर अधिवेशनाला तो रजा टाकून येई, आणि गॅलरीचा पास त्याला उपसचिवच काढून देई. इस्त्रीचा शर्ट, हातात दुमडलेली टोपी. आत टोपी चालत नाही असं त्याला कुणीतरी पहिल्यांदा सांगितलं होतं, तेव्हापासून तो इमारतीच्या फाटकापासूनच ती काढून हातात घेई.

"साहेब, शेवटी काय झालं म्हणायचं? मला त्या आरडाओरड्यात काही उमगलं नाही."

"अहवाल आज ठेवला नाही."

"बरं बरं. पण मंत्री बोलले ते ऐकलं मी. पोरी झोपेत होत्या." त्याने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "घरी मंडळी रोज एकच विचारते, घाबरली असेल का हो पोर. काय सांगणार? आज जाऊन सांगतो, खुद्द मंत्रीच म्हणाले. तेवढंच तिच्या जिवाला बरं."

"हो," उपसचिव म्हणाला.

"आणि ते दाराला साखळी होती म्हणतात, ते मग उगाच लोकांचं असेल. असतं तर बोलले असते ना मंत्री?" तो थांबला. उपसचिवाने घड्याळात बघितलं, तसा तो आपणच पुढे म्हणाला, "धाकटीचा प्रवेश झालाय साहेब. तिथेच. नव्याने रंग दिलाय इमारतीला, खोल्या चांगल्या केल्यात. मंडळी नको नको म्हणत होती. पण गावातून रोज येणं-जाणं कसं व्हायचं पोरीला? आता सरकारच म्हणतंय कुणाची चूक नव्हती म्हणून, तर माझाही जीव भांड्यात पडला. तुम्ही काय म्हणता?"

उपसचिवाने काय म्हणावं? तो म्हणाला, "बघू." बसचालकाने दोन्ही हातांनी त्याचा हात दाबला. पाससाठी आभार मानले आणि जिना उतरून गेला, आणि तो पार दिसेनासा होईपर्यंत उपसचिव तिथेच उभा राहिला. कॉरिडॉरमध्ये झाडूवाली बाई खुर्च्या सरकवत होती. तिने त्याला वळसा घालून झाडलं.

घरी तो चालतच निघाला. उन्हं कलली होती, दुकानांचे दिवे लागायचे होते, आणि फुटपाथवर ऑफिसं सुटल्याची गर्दी होती. धाकटी. तिला त्याने एकदाच पाहिलं होतं, शोकसभेत, बापाच्या मागे लपलेली, नाकावर घसरणारा चष्मा. मागच्या जिन्याचं दार आता कसं असेल? रंग दिलाय म्हणजे दारालाही दिला असेल. साखळी? अहवालाच्या शेवटी शिफारस होती, कोणतंही दार बाहेरून बंद करू नये. पण जो अहवाल ठेवलाच नाही त्याची शिफारस कोण पाळतो? नव्या साखळीला किती पडतात? छे, असले विचार. त्याला वाटलं, आपल्याला काय करायचंय? आपली गेली. आपण आपल्या बायकोला सांभाळतोय. प्रत्येकाने आपापलं बघावं. आणि हे मनात येताच त्याला स्वतःची एवढी शिसारी आली की तो एका बुटांच्या दुकानासमोर काचेत बघत थांबला. व्हरांड्यापर्यंत आलेल्या मुलीने हा विचार केला नव्हता. प्रत्येकाने आपापलं बघावं हा विचार तिला सुचला असता तर आज ती काचेतले हे लाल बूट हवेत म्हणून त्याच्या मागे लागली असती.

खारू हे नाव बायकोने ठेवलं होतं. पाळण्याजवळ नुसतं पाऊल वाजलं तरी पोरगी टक्क डोळे उघडी, खारीने झाडावर कान टवकारावेत तशी. मोठी झाली तरी झोप तीच. रात्री तो पाणी प्यायला उठला तर आतून आवाज यायचा, "बाबा, मलाही." आणि खट्याळ तर इतकी! घरात त्यांचा एक खेळ होता. शाळेतून प्रगतिपुस्तक मिळालं की ती ते पाठीमागे धरून उभी राही आणि मंत्र्याच्या थाटात सांगे, "गणितात समाधानकारक प्रगती असून वर्तनाबाबत बाईंनी कौतुकाचे उद्गार काढले आहेत." तो खुर्चीवर ताठ बसून विचारी, "सन्माननीय सदस्य वाचत आहेत की सांगत आहेत?" "सांगत आहे, अध्यक्ष महाराज! स्वतःच्या शब्दांत!" मग बायको स्वयंपाकघरातून ओरडे, "खोटं! 'समाधानकारक' हा हिचा शब्दच नव्हे! पटलावर ठेवा!" आणि प्रगतिपुस्तक जेवणाच्या टेबलावर आपटलं जाई, आणि त्यात बाईंनी लिहिलेलं असे, वर्गात फार बोलते. हसून हसून पोट दुखायचं तिघांचं. त्या टेबलाशी आता दोघं जेवत, आणि जेवताना रेडिओ लावत.

बायको चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायचं काम करते. आयुष्य लोकांच्या डोळ्यांत बघण्यात गेलं. अक्षरांच्या पाटीसमोर माणूस बसवायचा, एक डोळा झाकायला लावायचा, आणि म्हणत राहायचं, पुढची ओळ, पुढची ओळ, तो अडेपर्यंत. बसचालक तिच्या खास आवडीचे, ती म्हणायची. परवान्यासाठी डोळे तपासायला येताना काही जण पाटी पाठ करून येत. तिला लगेच कळे. वाचणाऱ्याचे डोळे सरकतात, पाठ म्हणणाऱ्याचे एका जागी थिजतात.

त्याने दार उघडलं तेव्हा ती टेबलाशी बसली होती. दुकानातून लवकर आलेली दिसत होती. टीव्ही बंद होता, पण गरम होता. त्याने जाता जाता त्याच्यावर किल्ली ठेवली तेव्हा हाताला कळलं. चहा कर म्हणावं की आपणच करावा, अशा विचारात तो उभा असताना ती म्हणाली, "तो मंत्री वाचत होता."

"आं?"

"आधी सांगत होता. मग नजर खाली गेली आणि डोळे सरकायला लागले, या कडेपासून त्या कडेपर्यंत. दोन ओळी. मग वर बघितलं. टीव्हीवर स्पष्ट दिसलं. अध्यक्षांनी तुला विचारलं तेही दिसलं. काय सांगितलंस?"

तो खुर्ची ओढून बसला. "सारांश, म्हणालो."

"हं." तिने टेबलावरचा एक न दिसणारा कण बोटाने टिपला. "त्या दिवशी तूही ताटाकडे बघून बोललास. तुझे डोळे मात्र सरकत नव्हते. पाठ म्हणत होतास. तेच वाक्य, आणि 'जाणीव झाली नसावी' असं तू कधी बोलतोस का रे? तू म्हणाला असतास, कळलंच नाही गं तिला."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुला तेवढं हवं होतं म्हणून. वाटलं, हा बिचारा त्याच्यावर जगतोय, जगू दे." तिने खुर्ची त्याच्याकडे वळवली. "अरे, पाऊल वाजलं तर उठणारी पोर ती. आणि अख्खी इमारत किंचाळत असताना झोपून राहील? मी आई आहे तिची. मला अहवाल कशाला हवा?"

तो रडला. मोठ्याने, लाज सोडून, मधल्या महिन्यांत एकदाही रडला नव्हता तसा. तिने त्याला रडू दिलं, जवळ आली नाही, पाणी पुढे सरकवलं. थोड्या वेळाने त्याने तिला बसचालकाचं सांगितलं, टोपीचं, दाबलेल्या हाताचं, आणि धाकटीचा प्रवेश तिथेच झाल्याचं. ते ऐकताना तिचा चेहरा हळूहळू कठीण होत गेला.

"ती चष्म्याची?" तिने विचारलं. "नंबर मीच काढला होता तिचा." आणि मग, "लोक बोलतात त्या साखळीच्या दाराचं तुला माहीत आहे ना?"

त्याने मान हलवली.

"मग लाव फोन."

नोकरी जाईल, तो म्हणणार होता. चौकशी लागेल, हक्कभंग, पेन्शन, सगळंच. ते तिला त्याच्याइतकंच ठाऊक होतं, इतकी वर्षं हाच संसार केला होता तिने. त्याने फोन टेबलावर मधोमध ठेवला आणि अध्यक्षांच्या घरचा नंबर लावला. स्पीकर तिने चालू केला.

"बोला बोला," अध्यक्ष म्हणाले. "बरे आहात ना? मी सकाळीच म्हटलं होतं तुम्हाला, बसू नका."

"साहेब, मी आज तुम्हाला खोटा सल्ला दिला. मंत्री वाचत होते."

पलीकडे कुणीतरी हसत होतं, ते हसणं एक दार लागल्यावर थांबलं. "हे बघा, तुमची मनःस्थिती मी समजू शकतो. पण हे तुम्ही कशावरून म्हणता? अहवाल तर कुणी पाहिलेला नाही."

"मी वाचलाय. तपासणीला आला होता तेव्हा."

"काय बोलताय कळतंय का तुम्हाला? हे मी ऐकलं नाही असं समजतो. झोपा शांतपणे."

"ऐका साहेब. उद्या सभागृहात तुम्हाला निर्णय बदलता येतो. मंत्र्यांना कागद घेऊन बोलवा. ते वाक्य जसंच्या तसं त्यात आहे. आणि माझ्यावर विश्वास नसेल तर पुढचं वाक्य सांगतो, ताडून बघा."

फोनवर खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग अध्यक्ष म्हणाले, "सांगा."

त्याने तोंड उघडलं. शब्द जिभेवर तयार होते, महिनोन्‌महिने तयारच होते. त्याची नजर टेबलाच्या लाकडावर गेली, ज्या कडेला प्रगतिपुस्तकं आपटून पॉलिश उडालं होतं तिथे.

"खाली नाही," बायको म्हणाली. "माझ्याकडे बघ."

त्याने वर बघितलं. तिचे डोळे कोरडे होते आणि त्याच्यावर रोखलेले होते.

"तथापि," तो म्हणाला, "मागील जिन्याच्या दाराशी आढळलेल्या विद्यार्थिनी जाग्या होत्या. सदर दार बाहेरून साखळीने बंद होते, आणि त्यांच्या हातांवरील इजा पाहता त्या बराच वेळ दार ठोठावत होत्या असे दिसते."

तिने दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघितलं. मग पुन्हा त्याच्याकडे.

"पुढची ओळ," ती म्हणाली.